कागदी घोडे आणि चाकावरचे घोडे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'मसल कार' हा शब्द आपल्याकडच्या तरुण मुलांच्या तोंडी आता चांगलाच रुळला आहे. हॉलिवूडचे चित्रपट, संगणकावरचे शर्यतींचे खेळ आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती यांनी तो घरोघर पोहोचवला. पण या गाडीतला 'मसल' म्हणजे नेमके काय, असे विचारले तर बहुतेक जण उत्तरादाखल इंजिनाचा आवाज तोंडाने काढून दाखवतात! मोटारींच्या इंजिनांवर काम करण्यात माझी उमेद गेली. त्यातली काही वर्षे अमेरिकेत, मिशिगन राज्यात गेली. तिथे असताना १९९० सालची, पाच लिटर इंजिनाची एक जुनी फोर्ड मस्टँग मी वापरत होतो. त्याच इंजिनाचे उदाहरण घेऊन आज दोन गोष्टी सांगणार आहे. कंपनीने छापलेला इंजिनाचा तक्ता वाचायचा कसा, ही पहिली. आणि साध्या फेरफारांनी त्या इंजिनाची ताकद खरोखर किती वाढते, ही दुसरी.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. मध्यम आकाराची, साधी, दोन दारांची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या, महागड्या गाडीचे इंजिन बसवायचे. किंमत मात्र नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाला परवडेल अशी ठेवायची. मसल कारची कल्पना एवढीच. तिची सुरुवात बहुतेक जण १९६४ सालच्या पाँटिअॅक जीटीओपासून मानतात. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही, असा जनरल मोटर्सचा नियम होता. जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून पळवाट काढली. टेम्पेस्ट या साध्या गाडीवर ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन त्यांनी 'ऐच्छिक जोड' म्हणून देऊ केले. गाडी तीच, नियमही तोच, फक्त जोड वेगळी! तक्त्यावर आकडा होता ३२५ अश्वशक्ती. गिऱ्हाईक तुटून पडले आणि मग डेट्रॉइटच्या सगळ्याच कंपन्या या शर्यतीत उतरल्या.

आकडा तोच, माप निराळे

इथेच पहिली मेख आहे. १९७१ पर्यंतचे अमेरिकन तक्ते 'ग्रॉस', म्हणजे ढोबळ अश्वशक्ती सांगत. इंजिन गाडीतून बाहेर काढून चाचणीच्या चौथऱ्यावर ठेवायचे. त्यावर हवेचा फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, अल्टरनेटरसारखी ओझी नाहीत. अशा मोकळ्याढाकळ्या इंजिनातून जो आकडा निघेल तो जाहिरातीत छापायचा. १९७२ पासून 'नेट', म्हणजे निव्वळ अश्वशक्ती छापण्याची पद्धत आली. गाडीत असताना इंजिनावर जे जे असते ते सगळे लावून मग मोजायचे. शेव्हर्ले कॉर्व्हेट या गाडीच्या ३५० घन इंचांच्या साध्या इंजिनासमोर १९७१ साली २७० हा आकडा होता, १९७२ साली तिथे २०० आला. सत्तर घोडे एका रात्रीत कुठे गेले? त्यांतले बहुतेक मुळात कागदावरच होते. आपल्याकडे 'कागदी घोडे नाचवणे' म्हणतात, त्याचे इतके नेमके उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

अर्थात त्यानंतरची घसरण खरीही होती. १९७३ सालचे तेलसंकट, विम्याचे चढते हप्ते, धुराबाबतचे कायदे आणि १९७५ पासून आलेले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या सगळ्यांनी मोठ्या इंजिनांचा श्वास कोंडला. मस्टँगचा 'जीटी' अवतार १९८२ साली परत आला तो १५७ अश्वशक्ती घेऊन. पण तिथून पुढे अभियंत्यांनी पायरीपायरीने चढण काढली. १९८५ साली कॅमशाफ्टवर घासणाऱ्या टॅपेटऐवजी रोलरचे टॅपेट आले आणि आकडा २१० वर गेला. १९८६ साली कार्ब्युरेटर जाऊन प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा इंजेक्टर आला. १९८७ साली आकडा २२५ झाला, आणि तो १९९२ पर्यंत टिकला. १९९३ साली मात्र त्याच इंजिनासमोर कंपनीने २०५ लिहिले. मोजण्याच्या पद्धतीतला बदल आणि मधल्या वर्षांतले बारीकसारीक फरक तिने जमेस धरले. रस्त्यावरच्या गाडीला मात्र या वीस घोड्यांची चुकामूक फारशी जाणवली नाही. म्हणून माझे सांगणे असते की, आकडा वाचण्याआधी तो कसा मोजला ते वाचा.

तक्ता वाचताना

आता माझ्या गाडीच्या इंजिनाचा तक्ता. आठ सिलिंडर, इंग्रजी 'व्ही'च्या आकारात चार-चार. सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, १०१.६ मिलिमीटर, पिस्टनची खालीवर होणारी धाव, म्हणजे स्ट्रोक, ७६.२ मिलिमीटर. इंचांत सांगायचे तर चार आणि तीन. एका सिलिंडरची जागा सुमारे ६१८ घन सेंटिमीटर होते. आठांची मिळून ४९४२ सीसी. म्हणजे 'पाच लिटर' या नावात ५८ सीसी कमीच आहेत! दाबाचे प्रमाण, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो, ९ ला १. ताकद मिनिटाला ४२०० फेऱ्यांवर २२५ अश्वशक्ती आणि टॉर्क ३२०० फेऱ्यांवर ३०० पाउंड-फूट, म्हणजे सुमारे ४०७ न्यूटन-मीटर.

टॉर्क आणि अश्वशक्ती यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. घट्ट बसलेला नट पान्याने सोडवताना मनगटाला जो पीळ पडतो तो टॉर्क. एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला एका पाउंडाचा जोर दिला, तर एक पाउंड-फूट टॉर्क झाला. हा पीळ तुम्ही मिनिटाला किती वेळा देऊ शकता, याचा हिशेब म्हणजे अश्वशक्ती. सूत्र सोपे आहे. टॉर्कला फेऱ्यांनी गुणा आणि ५२५२ ने भागा. आमच्या इंजिनात ३२०० फेऱ्यांना ३०० टॉर्क, म्हणजे १८३ अश्वशक्ती. पुढे ४२०० फेऱ्यांना टॉर्क घसरून २८१ वर येतो, पण फेऱ्या वाढल्यामुळे अश्वशक्ती २२५ होते. सिग्नलवरून सुटताना पाठ सीटला टेकते ती टॉर्कमुळे. हमरस्त्यावर वेग चढत राहतो तो अश्वशक्तीमुळे.

आता एक गंमत पाहा. आपली मारुती ८०० सगळ्यांच्या ओळखीची. तिचे इंजिन ७९६ सीसीचे आणि नंतरच्या इंजेक्शनच्या मॉडेलमध्ये ताकद ३७ अश्वशक्ती. दर लिटरमागे हिशेब केला तर मारुतीचे ४६ घोडे पडतात आणि मस्टँगचे ४५! म्हणजे डेट्रॉइटचे ते गुरगुरणारे धूड लिटरमागे आपल्या मारुतीपेक्षा तसूभरही पुढे नव्हते. ताकद होती ती आकारातली. याचा दुसरा अर्थ असा की, त्या इंजिनात सुधारणेला भरपूर वाव ठेवलेला होता. साध्या फेरफारांनी या गाडीने एका पिढीला वेड लावले, त्याचे कारण हेच.

इंजिन म्हणजे हवेचा पंप

फेरफारांकडे वळण्यापूर्वी एक तत्त्व मनात पक्के करू. इंजिन म्हणजे हवेचा पंप. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते. पण ते जाळायला हवा लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा हवी. तेव्हा जास्त ताकद म्हणजे जास्त हवा, दुसरा मार्ग नाही.

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा हवा घेतो. म्हणजे पाच लिटरचे इंजिन एका फेरीत अडीच लिटर हवा ओढणार. मिनिटाला ४२०० फेऱ्या धरल्या तर सिलिंडर पूर्ण भरले असता दहा हजार लिटरहून थोडी अधिक हवा. उन्हाळ्यात आपल्या सोसायट्यांत पाण्याचा टँकर येतो, तो साधारण दहा हजार लिटरचा असतो. तसा एक टँकरभर हवा हे इंजिन दर मिनिटाला पिऊ पाहते. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, कारण वेळच मिळत नाही. ४२०० फेऱ्यांना पिस्टन वरून खाली येतो तो एका सेकंदाच्या सात हजारांश भागात. तेवढ्यात सहाशे सीसी हवेने फिल्टर, नळी, मॅनिफोल्ड आणि व्हॉल्व्हची फट ओलांडून आत शिरायचे. वाटेत जिथे जिथे गळा आवळलेला असेल, तिथे तिथे ताकद अडते. साध्या फेरफारांची विद्या म्हणजे हे आवळलेले गळे शोधून मोकळे करणे.

बिनखर्चाचे आणि थोड्या खर्चाचे

सर्वांत पहिला फेरफार म्हणजे फेरफार न करणे! प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरचे झाकण, फिल्टर, ऑइल हे सगळे जसे असायला हवे तसे आहे का, ते आधी बघा. जुन्या गाडीतून 'जास्त' ताकद काढण्याच्या नादात लोक तिची हरवलेली ताकद परत मिळवायचे विसरतात.

दुसरा, तोही जवळजवळ फुकटचा, म्हणजे टायमिंग. पेट्रोल-हवेचे मिश्रण ठिणगी पडताच एकदम जळत नाही. ज्योत पसरायला थोडा वेळ लागतो. म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या थोडी आधी ठिणगी टाकतात. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला झोका देण्यासारखेच हे आहे. झोका मागे येऊन पुन्हा पुढे निघतो त्या क्षणी धक्का बसला तर झोका चढतो. हात आधीच आडवा आला तर मुलाला नुसता दणका बसतो. या इंजिनात कंपनीने मूळ टायमिंग माथ्याच्या १० अंश आधी ठेवले होते, तेही स्वस्तातले पेट्रोल भरणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून तो किंचित फिरवायचा आणि टायमिंग लाइट लावून १२ ते १४ अंशांवर आणायचे. हे करताना डिस्ट्रिब्युटरजवळचा एक छोटा जोड काढून ठेवावा लागतो, म्हणजे संगणकाची भर मोजणीत मिसळत नाही. खालच्या फेऱ्यांत गाडीला तरतरी येते, ती लगेच जाणवते.

मात्र याची किंमत पेट्रोल पंपावर मोजावी लागते. ठिणगी जितकी आधी, तितकी नॉकिंगची भीती जास्त. चढावर गाडी रेस दिल्यावर जो कटकट आवाज येतो तो हा. ती नुसती कटकट नसते, पिस्टनवर पडणारे हातोडे असतात. त्यासाठी वरच्या ऑक्टेनचे पेट्रोल लागते. इथे आणखी एक आकड्यांचा चकवा आहे. अमेरिकेत पंपावर ८७ लिहिलेले असते ते दोन पद्धतींच्या मापांची सरासरी असते. आपल्याकडे पूर्वी ९१ सांगत ते एकाच पद्धतीचे माप. दोन्ही पेट्रोले साधारण एकाच तोलाची. तिथले पुस्तक वाचून इथे आकडे जुळवू जाल तर फसाल.

तिसरा फेरफार हवेच्या वाटेचा. या गाडीत फिल्टरच्या आधी, पुढच्या मडगार्डच्या आत, हवेचा आवाज दाबणारा एक प्लॅस्टिकचा भाग बसवलेला असे. तो काढून टाकायला अर्धा तास पुरतो आणि पैसा एक लागत नाही. इंजिन श्वास घेताना थोडे घोरते, इतकेच. फिल्टरही मोकळ्या जातीचा घालतात. पण धुळीच्या मुलखात मी तरी तसे करणार नाही. फिल्टरने जे अडवायचे ते सिलिंडरमध्ये गेले, तर वाचलेल्या श्वासापेक्षा घासलेले रिंग महाग पडतात.

चौथा फेरफार पुलीचा. पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर हे इंजिनाच्या पट्ट्यावर चालतात आणि इंजिनाचीच ताकद खातात. क्रँकवरची पुली लहान घातली की ही मंडळी हळू फिरतात आणि काही घोडे मोकळे होतात. पण हळू फिरणारा पंप पाणीही कमी फिरवतो आणि अल्टरनेटर वीजही कमी देतो. मोकळ्या हमरस्त्यावर हे चालून जाते. सिग्नलला दहा मिनिटे उभ्या असलेल्या गाडीत, एसी आणि दिवे चालू असताना, तापमानाचा काटा वर चढू लागतो. घोडे फुकट मिळत नाहीत, कुठून तरी उसने आणलेले असतात.

घोडा न वाढवता पिकअप

पाचवा फेरफार माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा, आणि त्यात अश्वशक्ती एकानेही वाढत नाही. मागच्या अॅक्सलमध्ये क्राऊन-पिनियनची जोडी असते. गिअरबॉक्सकडून येणाऱ्या फेऱ्या ती शेवटच्या कमी करते आणि त्या प्रमाणात टॉर्क वाढवते. पेट्रोल वाचावे म्हणून कंपनी या मस्टँगमध्ये बहुधा २.७३ चे प्रमाण देई. ते बदलून ३.५५ केले की प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा टॉर्क तीस टक्क्यांनी वाढतो. जड ट्रंक ढकलायला लांब पहार घ्यावी तसे. पहिल्या गिअरमध्ये चाके आधीच घसरत असतात, तिथे फार फरक दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मात्र गाडी निराळीच वाटते. माझ्या गाडीवर मला सर्वांत जाणवलेला बदल हाच.

याचीही किंमत आहे. शंभराच्या वेगाला पाचव्या गिअरमध्ये इंजिन पूर्वी मिनिटाला सुमारे १५०० फेऱ्या घेत होते, ते आता २००० च्या आसपास घेते. पेट्रोल थोडे जास्त जळते. स्पीडोमीटरला वळण गिअरबॉक्सकडून मिळत असल्यामुळे त्याचा छोटा गिअरही बदलावा लागतो, नाहीतर काटा तीस टक्के जास्त वेग दाखवतो. आणि क्राऊन-पिनियनची दातजुळणी हे घरच्या पान्यांनी करायचे काम नव्हे. ते जाणत्या कारागिराकडेच द्यावे.

बेरीज का चुकते

यानंतर येतात ते धूर बाहेर काढण्याचे मार्ग. हेडर, मधले पाइप, सायलेन्सर. या गाडीला कारखान्यातूनच नळीचे हेडर आणि दोन्ही बाजूंना वेगळे सायलेन्सर होते. तेव्हा नुसता सायलेन्सर बदलून आवाज पुष्कळ वाढतो, ताकद थोडीशीच. खरा आवळलेला गळा होता तो सिलिंडर हेडमध्ये. आत येणाऱ्या हवेचा व्हॉल्व्ह १.७८ इंचांचा होता आणि त्यामागची वाट अरुंद. १९९३ साली फोर्डने स्वतःच 'कोब्रा' नावाची मस्टँग काढली. तिच्यात १.८४ इंचांचे व्हॉल्व्ह असलेले हेड, मोकळे इनटेक मॅनिफोल्ड आणि मोठे इंजेक्टर घातले. त्या वर्षी साध्या मस्टँगसमोर २०५ आणि कोब्रासमोर २३५ असे आकडे होते. म्हणजे कारखान्याने हेड, मॅनिफोल्ड, इंजेक्टर हे सगळे एकत्र विचारपूर्वक बदलले तेव्हा कागदावर तीस घोडे वाढले.

हा आकडा लक्षात ठेवा आणि मग सुट्या भागांच्या जाहिराती वाचा. फिल्टरने पाच, पुलीने दहा, सायलेन्सरने पंधरा, हेडरने वीस! मिशिगनमधला माझा एक मराठी स्नेही असे कॅटलॉग वहीत बेरजा करत वाचायचा. वहीत त्याची गाडी तीनशेच्या घरात गेली होती. पुढे आम्ही ती गाडी रोलरच्या डायनोवर, म्हणजे मागची चाके रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर नेली. वाढ निघाली ती वहीतल्या बेरजेच्या पासंगालाही पुरणारी नव्हती.

असे का होते? पाण्याच्या नळीला चार ठिकाणी पीळ पडलेला असेल तर एक सोडवून पाणी चौपट येत नाही. उरलेल्या तिघांतला जो सर्वांत घट्ट असेल तो हिशेब ठरवतो. शिवाय चाकापर्यंत पोहोचताना गिअरबॉक्स आणि अॅक्सल आपला वाटा घेतात. क्रँकवरचे २२५ घोडे चाकावर १९० च्या आसपास उरतात.

हवा वाढली तर पेट्रोलही वाढले पाहिजे, हा आणखी एक हिशेब. या इंजिनाचे इंजेक्टर तासाला प्रत्येकी १९ पाउंड, म्हणजे ८.६ किलो पेट्रोल देणारे. आठांचे मिळून १५२ पाउंड. एका अश्वशक्तीला तासाला साधारण अर्धा पाउंड पेट्रोल लागते, आणि इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही. ८५ टक्के ही व्यवहारातली मर्यादा. गणित केले की उत्तर येते सुमारे २५८ अश्वशक्ती. त्यापुढे जायचे तर मोठे इंजेक्टर हवेत. ते न बदलता हवा वाढवत गेलात तर मिश्रण पातळ होते, उष्णता वाढते आणि पिस्टनला भोक पडू शकते.

संगणकाचेही असेच. १९८८ पर्यंतच्या बहुतेक मस्टँगमध्ये संगणक मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा अंदाज बांधायचा. कॅमशाफ्ट बदलला की अंदाज चुकायचा आणि गाडी न्यूट्रलला धडधडायची. १९८९ पासून आत येणारी हवा प्रत्यक्ष मोजणारा मीटर आला, आणि ही गाडी फेरफार करणाऱ्यांची लाडकी झाली ती त्यामुळे. जो मोजतो तो चुका सावरून घेतो, अंदाजाने चालणारा अडखळतो. हे यंत्रापुरते खरे नाही.

थांबवण्याची ताकद

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळे सांगत आलो ती. माझ्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक होते आणि मागे साधे ड्रम. ते २२५ घोड्यांनाही जेमतेम पुरत. गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी १०० ऐवजी १२० चा वेग म्हणजे वेगात वीस टक्के वाढ, पण ब्रेकने जिरवायच्या ऊर्जेत ४४ टक्के वाढ. इंजिनावर पैसे टाकणारा पुष्कळदा ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन यांना हातच लावत नाही, कारण त्यांचा आवाज येत नाही. मी मात्र क्राऊन-पिनियनच्या आधी ब्रेकचे पॅड, पाइप आणि टायर बदलले. कोब्रा काढताना कारखान्यानेही मागे डिस्क ब्रेक दिले, हे विसरू नये.

काही दिवसांपूर्वी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात बोलायला गेलो होतो. कार्यक्रमानंतर मुलांनी वाहनतळावर नेऊन एक मोटरसायकल दाखवली. फिल्टर काढलेला, सायलेन्सर पोकळ केलेला. "सर, किती वाढली असेल?" असे त्यांनी विचारले. मी विचारले, "मोजली का?" मोजली नव्हती. मग मी मागचा ब्रेक दाबून पाहिला. पॅडल तळाला जाऊन टेकले. पोरे हुशार होती, न सांगता समजली.

अशा पोकळ सायलेन्सरने आवाज वाढतो, ताकद वाढतेच असे नाही. कित्येकदा खालच्या फेऱ्यांतला टॉर्क कमीच होतो. पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहिली आहेत. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातला तपशील कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितले. अमेरिकेतही सगळे मोकळे रान आहे असे समजू नका. तिथे रस्त्यावरच्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे संघराज्याच्या स्वच्छ हवा कायद्याने बेकायदेशीर आहे. कॅलिफोर्नियात तर धुरावर परिणाम करणाऱ्या सुट्या भागाला राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. वेगाची हौस भागवायला तिथे चौथाई मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या सरळ धावपट्ट्या असतात. पैसे भरून, हेल्मेट घालून, रुग्णवाहिका उभी असताना गाडी पळवायची आणि वेळेची चिठ्ठी घेऊन घरी यायचे. त्या चिठ्ठीवर दोन आकडे असतात. लागलेला वेळ बराचसा टायरची पकड सांगतो; शेवटचा वेग इंजिनाची ताकद सांगतो.

मस्टँग २०१६ साली भारतातही अधिकृतपणे विकायला आली होती. तेही पाच लिटरचेच, पण सर्वस्वी नव्या घडणीचे इंजिन, सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह असलेले. ताकद चारशेच्या घरात. आकार तोच ठेवून केवळ श्वास मोकळा केल्याने किती फरक पडतो, त्याचा हा पुरावा. पण ते काम कारखान्याने ब्रेक, टायर, गिअरबॉक्स आणि धूर या सगळ्यांचा मेळ घालून केलेले होते.

तेव्हा यंत्राची आवड असलेल्या मुलामुलींना मी तीनच गोष्टी सांगतो. आधी मोजा. एका वेळी एकच गोष्ट बदला. बदलल्यावर पुन्हा मोजा. वहीत तारीख घालून लिहून ठेवा. आकडा वाढला तर का वाढला आणि नाही वाढला तर का नाही, याचे कारण शोधा. हे शिकायला मस्टँग लागत नाही. दारात उभी असलेली वडिलांची स्कूटर, एक टायर गेज, एक प्लगचा पाना आणि पेट्रोलच्या हिशेबाची वही एवढ्यावर उद्या सकाळी सुरुवात करता येईल. पहिल्या पानावर टायरमधली हवा लिहा, आणि दुसऱ्यावर ब्रेक.